प्रफुल्लचं मानपत्र

मानपत्र लिहावं तर जागृतीमावशीनं, असं अमेरिकेतल्या अल्बुकर्कीच्या आमच्या मंडळात सगळे म्हणतात. ती जागृतीमावशी म्हणजे मी. भानुदासभाऊंनी बाबासाहेबांच्या जयंतीला चार वर्षं फक्त खुर्च्या आणल्या, तरी त्यांच्या मानपत्रात मी 'रक्ताचं पाणी केलं' असं लिहिलं होतं. ऐकताना भाऊ चक्क रडले.

तर २००२ च्या जयंतीला सत्कार होता प्रफुल्लचा. नागपूरचं पोरगं, इथे पीएचडी करतं आणि शनिवार-रविवार अँब्युलन्सवर फुकट राबतं. मार्चमध्ये मला दुकानात नेत असताना पेट्रोल पंपावर त्याला एक माणूस निळा पडलेला दिसला. हेरॉइन जास्त झालं होतं. प्रफुल्लनं डिकीतली पेटी काढून दंडात उताऱ्याच्या औषधाचं इंजेक्शन दिलं आणि तो माणूस उठून बसला. मी डोळ्यांनी पाहिलंय.

ड्युटी नसताना औषध दिलं म्हणून चौकशी लागली, पण ती नुसती कागदोपत्री होती. आदल्याच वर्षी राज्यात कायदा झाला होता: काळजीपूर्वक, चांगल्या हेतूनं हे औषध देणाऱ्याला संरक्षण आहे. मला वाटलं, आपणही थोडा हातभार लावावा. जयंतीला वाचलेल्या मानपत्राचं इंग्रजी करून चौकशी समितीला पाठवून दिलं. प्रफुल्लला विचारलंसुद्धा नाही. माझा स्वभावच तसा.

पंधरा दिवसांनी समितीनं त्याला समोर बोलावलं. मीही गेले. अध्यक्षबाईंनी माझाच कागद वाचला, "क्षणाचाही विचार न करता, कायद्याची तमा न बाळगता त्यांनी इंजेक्शन दिलं." मग प्रफुल्लकडे बघत म्हणाल्या, "विचार न करता दिलं असेल, तर तो कायदा तुमच्या कामाचा नाही. अँब्युलन्सवर काम करायचं सर्टिफिकेट काढून घ्यावं लागेल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण संविधान डोक्यावर घेतो, आणि मी बया लिहिते 'कायद्याची तमा न बाळगता'. वर पोरगं व्हिसावर. त्या अँब्युलन्सवर त्याचा जीव आहे, ती सुटली असती तर तो खचलाच असता.

मी उभी राहिले. "मॅडम, ते खोटं आहे. मी लिहिलंय."

बाईंनी चष्मा काढला. मी सांगितलं की आमच्यात मानपत्र असंच लिहितात, भानुदासभाऊंच्या रक्ताचंही काही पाणी झालेलं नाही. कोणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग खरं काय झालं?"

"खरं म्हणजे, हा थांबला. आधी माझ्याकडून अँब्युलन्ससाठी ९११ ला फोन लावून घेतला. श्वास मोजला, तोंडानं हवा दिली. बाटलीवरची तारीख वाचली, परत वाचली. याचे हात थरथरत होते. मी ओरडले, 'घाबरटा, दे ना लवकर.' तर म्हणाला, 'मावशी, एकदा नीट बघू द्या.' मानपत्रातला माणूस कसा थांबेल, म्हणून ते मी गाळलं."

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. ९११ च्या फोनचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात माझं 'घाबरटा' मराठीत आणि त्याचं श्वास मोजणं इंग्रजीत, दोन्ही स्वच्छ ऐकू येत होतं. सर्टिफिकेट राहिलं. काळजीपूर्वक म्हणजे हेच, असं बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी खुशीत म्हटलं, "चल, जेवायला घालते."

प्रफुल्ल मात्र गाडीला टेकून उभा राहिला. "मावशी, जयंतीला तुम्ही ते वाचलंत ना, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला वाटत होतं की मावशीला माझं थांबणं सांगायची लाज वाटतेय."

इतके दिवस पोरगं हे मनात घेऊन फिरत होतं. त्याला जवळ घेतलं आणि भर पार्किंगमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्या 'घाबरट'बद्दल माफी मागितली.