अंबाडीचा वानोळा

आमचा बुढा सरळ मानूस हाय, पन सरळ मानसाएवढा ताप दुसरं कोनीच देत नाही, हे मी चाळीस सालाच्या संसारावरून सांगून राह्यली. श्रावण त्याचं नाव. लबाड मानूस काय करन याचा अंदाज तरी लागते. याचा लागत नाही.

आमच्या गावाच्या शिवेवर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळाचा कारखाना होता. बुढ्यानं तिथी अकरा साल काम केलं. बॅटऱ्या फोडाच्या, तेजाब नालीत सोडाचं, राख पोत्यानं मांगच्या खड्ड्यात नेऊन टाकाची. तवा कोनाले काय मालूम? याचं पोट दुखे, हात थरथरे, डॉक्टर म्हने गॅस झाला. मंग गावातले ढोरं मरू लागले, केस झाली, कारखान्याले कुलूप लागलं आन् मालक पयाला. जागा पंधरा साल तशीच पडून होती. गवतबी धड उगवे नाही तिथी.

तीन सालाखाली सरकारानं साफसफाई चालू केली. वरची हातभर माती पोत्यात भरभरून ट्रकनं दूर नेली. खालची माती थोडी खराब होती, तिच्यात औंदा पयल्यांदा प्रियंका मॅडमनं अंबाडी पेरली. मॅडम नागपूरच्या, मातीच्या जानकार, वयानं आमच्या सुनेएवढ्या. त्याइनं सांगतलं, अंबाडी जमिनीतलं शिसं ओढून घेते. दरसाली पेराची, उपटाची, पोत्यात बंद करून पाठवाची. असं चार साल. मंग माती तपासून तिथी आठवडी बाजाराचे ओटे बांधाचे. बुढा तिथला चौकीदार, मी निंदनाले. हातात मोजे, तोंडाले फडकं. पयल्याच दिवशी मॅडम म्हनल्या, "काकू, इथलं एक पानही तोंडात जाता कामा नये."

आता तुमीच सांगा, अंबाडी पेराची आन् खाऊ नका म्हनाचं! अशी कोवळी, लुसलुशीत भाजी, लाल देठाची. कण्या टाकून शिजवावी, वरून लसनाचं कडक तेल ओतावं, संगं ज्वारीची भाकर. निंदता निंदता तोंडाले पानी सुटे. पन मी हात नाही लावला. लावला बुढ्यानं.

त्यालेबी कारन होतं. आमच्याइकडे वावरातलं पयलं जे निघन, शेंगा म्हना, काकड्या म्हना, त्याचा वानोळा पयले बहिनीच्या घरी जाते, शेजाऱ्याच्या घरी जाते. मंग आपून खाचं. बुढ्याची मोठी बहीन धुरपताबाई बोरी अरब गावाले देल्ली. तिच्या घरी चार एकर वावर. चाळीस साल झाले, तिच्या घरून आमाले वानोळा येते. मुंगाच्या शेंगा, हुरडा, तुरीच्या शेंगा, बोरं. आमच्याकडून तिकडं काय गेलं? काहीच नाही. वावर कुठं होतं आमच्याजवळ! बुढा थैली रिकामी करून परत दे पन सोता तिच्या घरी कधी जाये नाही. एकडाव मले म्हने, "कौसल्या, मराच्या आधी आक्काले एक वानोळा पाठवाचा हाय." मी म्हनलं, "पाठवा ना, पन कायचा?"

पोळा होऊन आठक दिवस झाले असतीन. मी दुपारी डबा घेऊन गेली, तं कुंपनाजवळच्या चार ओळीचे शेंडे खुडलेले. बकरी म्हनावं तं बकरी इतकं साफसुफ खात नाही. बुढा चौकीत बसून गानं गुनगुनून राह्यलता. लग्नाच्या दिवशीबी गुनगुनला नोहता हा मानूस.

"भाजी कोनं खुडली?" मी इचारलं.

"कोन्ती भाजी?"

"माह्याजवळ सोंग नका करू!"

"आक्काले पाठोली," तो हळूच म्हने. "सकाळच्या जीपनं, डायवर लालसिंगच्या हाती. भावाच्या वावरातला पयला वानोळा हाय म्हनून सांगाले लावलं."

"अवो, जहर हाय ते! मॅडमनं दहादा सांगतलं!"

"कोवळी होती वं. कोवळ्या पानात असं किती जाईन?"

"आन् आक्काची नात? खुशी? तीन सालाचं लेकरू, तिले आंबट किती आवडते, मालूम नाही तुमाले?"

बुढ्याचं तोंड असं उतरलं का माह्यानं पाहावलं नाही. खुशीचं त्याच्या ध्यानातच नोहतं.

आक्काचा फोन वाजे, पन कोनी उचले नाही. मॅडमले लावला. वाटलं, आता नोकरी गेली. पन त्या रागावल्या नाही. म्हनल्या, "एकदा खाल्ल्यानं माणूस मरत नाही, काकू, पण लेकराच्या पोटात जाऊ देऊ नका. सगळी भाजी परत आणा. आत्ताच्या आत्ता निघा."

ॲटोत बुढा एकच वाक्य बोलला. "देल्लेला वानोळा परत कसा मांगू वं मी?" मले राग आलता, पन त्याचा हात मी धरून ठेवला.

आक्का ओट्यावर सूप घेऊन भाजी निवडून राह्यली होती. बाजूले खुशी, तिच्या हातात एक पान, अर्धं तोंडात. मी झडप घातली, पान ओढलं, बोट घालून तिचं तोंड साफ केलं, चूळ भरवली. पोट्टीनं असं भोकाड पसरलं का शेजारचे जमा व्हाचेच बाकी.

"काय झालं वं?" आक्का ओरडली. "आल्या आल्या लेकराले कायले रडोलं?"

बुढा अंगनातच उभा. "आक्का, भाजी परत दे."

"देल्लेला वानोळा परत मांगते का रे कोनी?"

मले राहावलं नाही. मीच म्हनलं, "फवारनीची हाय, आक्का. कालच फवारा मारला, यायले ध्यान नाही राह्यलं." खोटं बोलली मी, साफ खोटं. पन भावाचं वावर नाही, जहराची जागा हाय, हे त्या घडीले मले सांगवलं नाही.

"अवो माय!" आक्का म्हने, "मी तं चार घरी वाटली. भावाच्या वावरातली हाय म्हनून गल्लीभर सांगत फिरली."

सुपातली भाजी थैलीत कोंबली आन् तिघंबी निघालो. तीन घरी काही त्रास झाला नाही. भाजी तशीच पडून होती. एकीनं तं थैली परत देताना चार काकड्या टाकल्या, आक्काच्या भावाले रिकाम्या हातानं कसं पाठवाचं म्हनून. बुढ्यानं त्या काकड्या अशा धरल्या का जशी चोरीच केली.

चौथं घर पुंडलिकरावचं. ते ताटावर बसले होते. अंबाडीची भाजी वाढलेली, भाकर मोडलेली. मी दारातूनच ओरडली, "खाऊ नका, फवारनीची हाय!"

त्याइची बायको हासाले लागली. "अवो, तीन पान्यानं धुतली मी. आन् फवारनीची भाजी काय आमी आज पयल्यांदा खाऊन राह्यलो का? बसा, तुमीबी दोन घास खा."

खरंच हाय ना, फवारनीले कोन भेते आमच्याइकडे! पुंडलिकरावनं घास उचलला.

"भाऊ, ठेवा तो घास," बुढा म्हने. एवढ्या मोठ्यानं त्याले बोलताना मी कधी आयकलं नोहतं. "वावर माह्यं नाही. माह्याजवळ वावर कधीच नोहतं. हे बॅटरीच्या कारखान्याच्या जागेतली भाजी हाय. तिथी शिशाची राख हाय जमिनीत. म्याच टाकली होती, पोत्यानं. धुऊन जात नाही ते."

पुंडलिकरावनं घास खाली ठेवला. त्याइच्या बायकोनं ताट अन् कढई दोन्ही आमच्या थैलीत रिकामी केली. आक्काच्या तोंडाकडं पाहाची माही हिंमत झाली नाही. ज्या बाईनं सकाळी गल्लीभर भावाचं वावर मिरवलं, तिच्यासमोरच तिच्या भावानं ते नाही म्हनून सांगतलं होतं.

घरी येऊन बुढा ओट्याच्या कोपऱ्याले बसला. "आक्का, गावात तुही मान खाली घातली म्या." आन् रडला. बासष्ट सालाचा मानूस, लेकरासारखा रडला.

"चूप बस," आक्का म्हने. "मले काय मालूम नोहतं? तुह्यं वावर असतं तं तू सातबारा गळ्यात बांधून गावभर फिरला असता. मी काय आजची ओळखतो का तुले?"

"मंग चार घरी कायले वाटली?" मी इचारलं.

"भावाच्या घरून आली म्हनून वाटली! चाळीस सालात पयल्यांदा काही आलं, आन् मी एकटीच खात बसू का?" मंग पदरानं नाक पुसून तिनं बुढ्याले इचारलं, "ते जमीन साफ कधी होते रे?"

"चार साल लागतीन."

"मंग तिथी भाजी पिकन?"

"नाही, आक्का. बाजार भरनार हाय."

"भरू दे ना. पयल्या बाजारची भाजी इकत घे आन् घेऊन ये. पन तू सोता घेऊन येजो, कोनाच्या हाती पाठवू नको. चाळीस साल मी वानोळा पाठोला, त्या बदल्यात भाजी कोनं मांगली रे तुले? तू रिकाम्या हातानं कसं याचं म्हनून आलाच नाही कधी. मी बहात्तरची हाय, श्रावण. चार साल म्हनतं ना? बरं. चार साल काही मी मरत नाही."