नाव नसलेली स्लाइड

चेलनाला सुईची भीती वाटायची. रक्ताची नाही, फक्त सुईची, आणि तीही स्वतःच्या बोटात शिरणारी असेल तेव्हाच. म्हणून पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला तिचं बोट कामिनी टोचायची. दोघी धुळ्याला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात होत्या आणि होस्टेलच्या एकाच खोलीत राहायच्या. चेलना जळगावची, वडील रिखबचंद यांचं तिथे भांड्यांचं दुकान. कामिनी रावेरकडची, घरी केळीची बाग. दोघींचं जमायचं, कारण चेलना संथ होती आणि कामिनी घाईची.

घाई कामिनीच्या अभ्यासातही होती. ललित सर वर्गात रिपोर्ट वाटायचे: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. बाकीची मुलं पहिली ओळ वाचत असायची तोवर कामिनी आजाराचं नाव सांगून मोकळी. ते बहुतेक वेळा बरोबरही असायचं. सर मात्र कधी शाबासकी देत नसत. "आकडे वाचलेस का?" एवढंच विचारायचे. कामिनीला वाटायचं, सरांना हुशार मुलींचं कौतुक नाही. गावाकडे कौतुकाला तोटा नव्हता. आत्या, मामा, शेजारचे मोतीलाल काका, सगळे आपापल्या तपासण्यांचे फोटो मोबाइलवर पाठवायचे आणि ती चहा पिता पिता त्यांना उत्तरं द्यायची.

त्या शुक्रवारी प्रत्येकाने स्वतःच्या रक्ताची स्लाइड करायची होती. काचेवर थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेने पसरायचा, वाळला की रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी मोजायच्या. कामिनीने आधी स्वतःचं बोट टोचलं, मग चेलनाचं. दोन्ही काचा एकाच रॅकवर ठेवून रंग ओतला. काचेच्या कडेला पेन्सिलने नाव लिहायचं असतं. चेलनाने बोट चोखत आठवण करून दिली, "नाव?" "दोनच तर आहेत," कामिनी म्हणाली.

धुऊन झाल्यावर चेलनाने एक काच उचलली, मोजणी केली, सरांची सही घेतली आणि बॅग उचलून पळाली. चुलत बहिणीचं लग्न होतं, तिला जळगावची बस धरायची होती. कामिनीने उरलेली काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

आधी तिला वाटलं, थेंब जाड पसरला असेल. नेहमी लाल पेशींच्या गर्दीत कुठे तरी एखादी पांढरी पेशी सापडते. इथे पांढऱ्याच पेशींची जत्रा होती. तिने काच सरकवली, पातळ भाग शोधला. तिथेही तेच. आणि त्या पेशी एका वयाच्या नव्हत्या. पूर्ण वाढलेल्या होत्या, अर्धवट वाढलेल्या होत्या, आणि एरवी हाडातल्या मज्जेतून बाहेर न पडणाऱ्या कोवळ्याही होत्या. हे चित्र तिने पुस्तकात पाहिलं होतं. त्याखाली लिहिलेलं नावही तिला पाठ होतं. रक्ताचा कर्करोग, हळूहळू वाढणारा.

तिने काचेचा दुसरा कोपरा शोधला, मग तिसरा.

"झालं का गं?" ललित सर मागे येऊन उभे राहिले.

तिने घाईने काच काढून घेतली. "नाही सर, स्टेन बिघडलाय, रंग नीट बसला नाही."

"मग सोमवारी पुन्हा कर."

सर पुढे गेले. कामिनीने काच टिश्यूत गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली.

खोलीत येऊन तिने दार लावलं. पलंगावर आडवी झाली, या आजारात प्लीहा, म्हणजे पानथरी, वाढून पोटावर दाबते म्हणून डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून श्वास ओढला. काही हाताला लागलं का? लागल्यासारखं वाटलं. पुन्हा बघितलं तर लागलं नाही. गेल्या महिन्यात वजन उतरलं होतं. अंगाला घाम येत होता, पण मार्चअखेरीला धुळ्यात घाम कुणाला येत नाही? ती उठली, पुस्तक उघडलं, मिटलं, खिडकीशी गेली, परत आली. आईचा, सुनंदाबाईंचा फोन आला.

"काय व माय, आवाज कायले बसेल येऊ राह्यला तुहा? जेवली का?"

"जेवले."

"खरं सांग."

"आई, प्रॅक्टिकल होतं. थकले."

"मोतीलालभाऊंनी रिपोर्ट पाठवला म्हणे, तू उत्तर नाही दिलं. त्यांचा जीव घाबरा होऊ राह्यला."

कामिनीने फोन ठेवला आणि तो रिपोर्ट उघडला. साखर थोडी वाढलेली, बाकी काही नाही. तिला पहिल्यांदाच कळलं की उत्तराची वाट बघत तो माणूस सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत असेल. तिने लिहिलं, "काका, घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा." आणि स्वतः येरझाऱ्या घालू लागली.

सकाळी ती कॉलेजच्या लॅबमध्ये गेली नाही. तिथे सगळे ओळखीचे. आग्रा रोडच्या एका गल्लीतल्या खाजगी लॅबमध्ये जाऊन तिने रक्त दिलं. "दुपारी या," काउंटरवरची बाई म्हणाली. कामिनी बाहेर पडली. दुकानांची शटरं वर जात होती, रिक्षावाले हाका मारत होते. ती पाच कंदील चौकापर्यंत चालत गेली, तिथून उगाच परत फिरली, एका साड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली आणि दुकानदाराने "या ताई" म्हटल्यावर दचकून पुढे निघाली. वडिलांना, आबांना, कसं सांगायचं, याची वाक्यं जुळवत होती. एकही पुरं होत नव्हतं. वेळेआधीच ती लॅबमध्ये जाऊन बसली.

रिपोर्ट हातात आला. पांढऱ्या पेशी सात हजार चारशे, असाव्यात तेवढ्याच. प्लेटलेट उत्तम. हिमोग्लोबिन जरा कमी, तेवढंच.

ती रस्त्यावर आली आणि चक्क हसली. समोर रसवंती होती. तिने उसाच्या रसाचा मोठा ग्लास मागवला, एका दमात अर्धा संपवला. घुंगरं वाजत होती, यंत्र फिरत होतं. मग ग्लास तसाच हातात राहिला.

आपलं रक्त ठीक आहे. मग काचेवरचं रक्त कुणाचं?

रॅकवर दोनच काचा होत्या.

एकेक गोष्ट नको असताना आठवायला लागली. मेसमध्ये अर्धी पोळी खाल्ली की चेलना ताट सरकवायची, "पोट भरलं." पोरी चिडवायच्या, लग्नात बारीक दिसायचंय का? डावीकडे दुखतं म्हणायची, ॲसिडिटीची गोळी घ्यायची. ती गोळी कामिनीच द्यायची. न विचारता, न तपासता.

आता पाय कॉलेजकडे पळत होते. शनिवारी डिपार्टमेंट अर्धा दिवस असतं. ललित सर कपाटाला कुलूप लावत होते. तिने टिश्यू उलगडून काच त्यांच्यापुढे धरली. "सर, काल स्टेन बिघडला नव्हता."

सरांनी काच घेतली. मायक्रोस्कोपशी बसले. बराच वेळ काच इकडेतिकडे सरकवत राहिले. कामिनी टेबलाच्या कडेला नखाने ओरखडे काढत उभी होती.

"कोणाचं रक्त?"

तिने सगळं सांगितलं. कालपासूनचं, स्वतःच्या रिपोर्टसकट.

"म्हणजे एका मुलीच्या रक्तात हे दिसत होतं आणि तू काच खिशात घालून खोलीवर गेलीस."

"मला वाटलं माझंच आहे, सर."

"तुझं असतं तर चाललं असतं का?" सरांचा आवाज चढला. मग उतरला. "बस. रडू नकोस. आधी मला सांग, या काचेवर नाव आहे?"

"नाही."

"मग हा अजून कुणाचाच रिपोर्ट नाही. तुला खात्री वाटते, मलाही वाटते. पण तिचं रक्त पुन्हा तपासल्याशिवाय आजाराचं नाव घ्यायचं नाही. सोमवारी घेऊन ये तिला."

"सर, मी आज जळगावला जाऊ?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "लग्नघर आहे म्हणतेस."

"सोमवारपर्यंत मला हे पोटात ठेवून तिच्याशी फोनवर बोलता येणार नाही. ती रोज फोन करते."

"जा," सर म्हणाले. "जे पाहिलंस तेवढं सांग. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हण. आणि काही लागलं तर मला फोन कर."

बस पारोळ्याला थांबली, एरंडोलला थांबली. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. कामिनी जागा बदलून पुढे बसली, मग पुन्हा मागे गेली. शेजारच्या आजींनी विचारलं, "बरं नाही का पोरी?"

रिखबचंदांच्या घरी मांडवासाठी टेम्पोतून बांबू उतरवले जात होते. चेलनाची आई, मोहनबाई, दारातच म्हणाल्या, "अरे, कामिनी बेटा! कळवलंही नाहीस? आधी जेवून घे." कामिनीने पोळीचे तुकडे करून ताटाच्या कडेला लावले. चेलना मेंदीचे हात वर धरून समोर बसली होती, खुशीत. "मला माहीत होतं, तू येशील."

"गच्चीवर चल ना."

गच्चीवर लाइटच्या माळा वेटोळी करून पडल्या होत्या. कामिनी उभ्या उभ्याच म्हणाली, "काल आपल्या काचा बदलल्या असाव्यात. मला मिळालेल्या काचेवर पांढऱ्या पेशी फार होत्या. मी माझं रक्त तपासून आले. ते ठीक आहे."

चेलनाही मेडिकलचीच होती. तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. मेंदीचे हात तसेच हवेत राहिले.

"फार म्हणजे किती?"

"मोजल्या नाहीत."

"कोवळ्या पेशी?"

"होत्या. पण सगळ्यात कोवळ्या, भीती वाटावी अशा, मला फारशा दिसल्या नाहीत. सरांनीही पाहिलंय."

"सरांनी." चेलना खाली बसली. "म्हणजे मी इथे मेंदी काढत होते आणि सगळ्यांना माहीत होतं."

"काल मला वाटलं, माझंच आहे."

चेलना रागाने काही बोलणार होती, ती थांबली. कामिनीचे सुजलेले डोळे तिने आत्ता पाहिले. "एकटीच होतीस खोलीत?"

कामिनीने मान हलवली. मग दोघी रडल्या. मेंदी कामिनीच्या कुर्त्याला लागली.

रिखबचंदांना चेलनाने स्वतः सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पहिले टेस्ट. फिर बात." त्याच संध्याकाळी त्यांनी तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. सुई टोचताना चेलनाने कामिनीचा हात धरला. पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर निघाल्या. पुढे मुंबईला नमुना गेला, जनुकाची तपासणी झाली आणि आजाराचं नाव ठरलं. सुदैवाने तो रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहणारा प्रकार होता. बहिणीचं लग्न झालं, मांडव उतरला, आणि चेलना गोळ्या घेत घरी राहिली. तिची एक परीक्षा बुडाली.

त्या काळात कामिनीला चैन नव्हतं. रोज फोन करायची: खाल्लं का, ताप आहे का, आज किती आल्या पेशी? शेवटी एकदा चेलना उखडली. "मी तुझी पेशंट नाही. सिनेमाचं काही सांग ना." कामिनीला लागलं, पण तिने सिनेमाचंच सांगितलं. वर्गातही ती आता लगेच हात वर करत नव्हती. काहींना वाटलं, हिची हुशारी गेली.

पावसाळा सरताना चेलना परतली. पेशी आठ हजारांवर आल्या होत्या. पुढची तपासणी अजून बाकी होती, त्यानंतरचीही, आणि वर्षानुवर्षं बाकी राहणार होती. दोघींची वॉर्डातली पोस्टिंग एकत्र लागली. एका सकाळी वॉर्डाच्या मॅडमनी चेलनाला साक्रीकडच्या एका पेशंटचं, शेवंताबाईंचं, पोट तपासायला सांगितलं. चेलनाने डाव्या बरगडीखाली हात ठेवला. कामिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती.

चेलनाचा हात बराच वेळ तिथेच राहिला.

"काय लागी ऱ्हायनं वं बाई तुना हातले?" शेवंताबाईंनी घाबरून विचारलं.

"पानथरी जरा मोठी आहे, मावशी," चेलना म्हणाली. "का, ते अजून माहीत नाही. रक्त तपासू. सुई टोचेल, मीही घाबरते तिला. तुम्ही माझा हात धरा."