माझ्या कुरकुरीचे आमेन

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. मेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जेवणाचे ताट येईल, नाहीतर गृहपाठाची वही. तसले मेज मी नव्हे. माझा माथा उतरता आहे, उंची माणसाच्या छातीपर्यंत आहे, आणि माझ्यावर कुणी ताट ठेवलेच तर ते घसरून थेट जमिनीवर जाईल. माझ्यावर फक्त पुस्तक टिकते, कारण त्याच्यासाठी खालच्या कडेला एक पट्टी ठोकली आहे. एका यहुदी प्रार्थनाघरात मी उभे आहे. माझ्यापुढे उभे राहून लोक प्रार्थना म्हणत.

ज्या सुताराने मला घडवले त्याच्याकडे चांगले लाकूड माथ्यापुरतेच होते. पाय कसल्याशा हलक्या लाकडाचे केले. हवा दमट झाली की एक फुगे, कोरडी झाली की दुसरे आकसे. वरच्याचे आणि खालच्याचे कधी पटलेच नाही. त्यामुळे कुणी माझ्यावर हात टेकून भार दिला की सांध्यातून आवाज निघायचा, 'कर्रर्र'. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझ्या वाट्याला तेही आले नाहीत. मी पहिल्या दिवसापासूनच कुरकुरे.

तेव्हा बाके भरलेली असत. कुजबूज चाले, कुणाचे तरी मूल बाकाखाली शिरे, आणि नेमक्या शांत क्षणी मी कुरकुरले की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळत. एक आजोबा तर माझ्यावर टपूनच होते.

"हे मेज आहे की आजारी माणूस? सारखं कण्हत असतं," ते म्हणाले. "काढून टाका ते आधी."

तेव्हा पुढच्या बाकावरून एक तरुण उठला. चौकात त्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. तो म्हणाला, "कण्हत नाही हो आजोबा. आमेन म्हणतंय."

सगळे हसले. आजोबाही हसले, आणि मी वाचले. त्या दिवसापासून घड्याळजी माझा माणूस झाला.

आमेन म्हणजे 'खरे आहे, तसेच होवो'. आमच्याकडे रीत अशी की एकाने आशीर्वचन म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचे. आपल्याच आशीर्वचनाला आपणच आमेन म्हणायचे नाही. भांडणाला जशी दोन माणसे लागतात, तशी आमेनलाही लागतात. शिवाय मोठी सामुदायिक प्रार्थना करायची तर दहा मोठी माणसे जमावी लागतात. नऊ असली तर दहाव्याची वाट पाहत बसतात.

पुढे घड्याळजीच प्रार्थना सांगू लागला. त्याचा एक नाद होता. पुस्तकातल्या प्रार्थना संपल्या की तो पुस्तक मिटे, दोन्ही हात माझ्यावर टेके आणि आपल्या साध्या बोलीत एखादी नवीच प्रार्थना म्हणे. कुणाची पहिल्यांदा बस चालवण्याची पाळी असली तर त्याच्यासाठी. कुणाला नवा चष्मा लागला असला तर त्याच्यासाठी. सरकारी कचेरीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांसाठी त्याने म्हटलेली प्रार्थना मला अजून पाठ आहे: "हे परमेश्वरा, खिडकी बंद होण्याआधी आमचा नंबर लागू दे, आणि खिडकीपलीकडच्या माणसालाही वेळेवर जेवू दे." मतदानाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "माझं मत हरलं तरी माझी माणुसकी हरू नये, आणि जिंकलं तर शेजाऱ्याला तोंड दाखवताना मला लाज वाटू नये." त्या दिवशी एवढे मोठे आमेन झाले की माझ्या माथ्यावरचे पुस्तक थरथरले.

टपून बसलेल्या आजोबांना मात्र हे रुचत नसे. "नळाला पाणी सोडणाऱ्यासाठी प्रार्थना? असं कुठं असतं का?"

घड्याळजी म्हणाला, "आजोबा, आपल्या जुन्या पुस्तकात राजासाठी प्रार्थना आहे. राजा तर गेला. आता पाणी कोण सोडतो? ज्याच्या हातात आपलं बरंवाईट, त्याच्यासाठी म्हणायचं एवढंच."

आजोबा नाक मुरडून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी नळाला पाणी जोरात आले तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले, म्हणजे पाहा.

घड्याळजीची लेक तेव्हा लहान होती. खोक्यावर उभी राहून ती माझ्यावर हनुवटी टेकवी आणि बापाच्या प्रत्येक वाक्याला, मध्येच, कुठेही आमेन म्हणे. "अगं, संपू तर दे," तो म्हणे. ती म्हणे, "तुम्ही संपवतच नाही ना बाबा."

मित्रांनो, माणसे एकदम जात नाहीत. एकाला परगावी नोकरी लागते, दुसऱ्याला त्याची मुले बोलावून घेतात, तिसऱ्याला आपण सगळे मिळून पोहोचवायला जातो. वीस होते त्यांचे बारा झाले, बाराचे नऊ. नऊ जण दहाव्याची वाट पाहत बसले, मग आठही बसले. टपून बसणारे आजोबा गेले तेव्हा मला वाटले होते, सुटले एकदाचे. पण पुढचे कित्येक दिवस माझे लक्ष त्यांच्या रिकाम्या जागेकडेच जाई. मला नावे ठेवायलासुद्धा कुणी उरले नाही.

शेवटी घड्याळजी एकटा राहिला. त्याची बायको गेली. लेक दूरच्या शहरात सुतारकाम शिकली आणि तिथेच तिने लाकूड कापायच्या यंत्रावर काम धरले. तोवर घड्याळजीचे केस पांढरे झाले होते, पण रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो यायचाच. रस्ता खणून ठेवल्यामुळे धूळ फार, म्हणून खिडक्या बंद. त्या बंद खोलीत तो पुस्तकातले एकट्याने म्हणता येते तेवढे म्हणे, आणि मग माझ्यावर हात टेकून आपल्या छोट्या प्रार्थना. पाणी सोडणाऱ्यासाठी. बसवाल्यासाठी. रस्ते झाडणारीच्या पाठीसाठी. सगळ्यात शेवटी लेकीसाठी: "तिच्या हाताची दहा बोटं दहाच राहोत."

एवढे म्हणून तो थांबे आणि हातांवर भार टाके. मी म्हणे, 'कर्रर्र'.

"झालं," तो पुटपुटे. "तू आहेस म्हणून बरं." आणि किल्ल्या खुळखुळवत दुकानाकडे जाई.

मला ठाऊक होते की लाकडाची कुरकुर म्हणजे आमेन नव्हे. त्यालाही ठाऊक होते. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि मी तर चांगले अख्खे मेज होते. आयुष्यभर ज्या खोडीपायी मी बोलणी खाल्ली, तिच्यामुळेच एका माणसाची सकाळ पुरी होत होती. त्या एकांतातही मला त्याचा अभिमान वाटे.

एकदा लेक आठवडाभरासाठी आली. तिला पाहून घड्याळजी इतका हरखला, की दुकानाच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली आतच राहिली. लेकीने येऊन ते काढून दिले. मग ती प्रार्थनाघरात आली, जुनी जागा पाहत फिरली आणि माझ्यावर कोपर टेकून उभी राहिली.

'कर्रर्र.'

"अरे देवा, अजून तसंच?" ती म्हणाली. "बाबा, लेक सुतार आणि बापाचं मेज कुरकुरतंय. लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठं?" घड्याळजी म्हणाला. "राहू दे गं. सवय झाली आहे."

पण त्याने ते हसत म्हटले, आणि तिला वाटले, बाबा संकोच करताहेत. दुसऱ्या दिवशी तो दुकानात असताना ती हत्यारे घेऊन आली. तिने मला आडवे केले, पाय सोडवले, जुन्या खुंट्या काढून नव्या ठोकल्या, सांध्यात डिंक भरला आणि वर लोखंडी पट्ट्या मारून बोल्ट आवळले. मग पॉलिश केले. तिचा हात इतका हलका आणि सफाईदार होता की काय सांगू! माझ्याकडे इतक्या मायेने कुणी कधी पाहिले नव्हते. तिच्या बोटांवर माझे लक्ष होते. दहा होती. मला फार बरे वाटले.

संध्याकाळी घड्याळजीने मला पाहिले. त्याने माझ्यावर हात टेकले. मी काहीच बोलले नाही. त्याने थोडा जास्त भार दिला. मी जंग जंग पछाडले, पण माझा कण न् कण घट्ट बसला होता.

"कसं झालंय?" लेकीने विचारले.

"वा," तो म्हणाला. "नवंच वाटतंय अगदी."

ती बाजारात गेली तेव्हा तो परत आला. खिशातून त्याने घड्याळांचा स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघ्यांवर बसला आणि माझा बोल्ट सैल करू लागला. मित्रांनो, मुंगीच्या आकाराचे स्क्रू फिरवणारे ते हत्यार! बोल्टाला त्याची जाणीवही झाली नाही. तेवढ्यात लेक दारात.

"काय शोधताय बाबा?"

"काही नाही. किती पक्कं बसलंय ते बघत होतो."

"आता शंभर वर्षं हलायचं नाही ते," ती कौतुकाने म्हणाली.

एका शब्दाने त्याने सांगितले असते, तर तिने ते सगळे उपसून काढले असते. पण एवढ्या हौसेने केलेल्या कामाला नाव कसे ठेवायचे? बापाचे तोंड उघडले नाही, आणि मला तर तोंडच उरले नव्हते.

जायच्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन त्याच्याबरोबर आली. त्याने रोजच्या प्रार्थना म्हटल्या. शेवटची मात्र, ती समोर उभी होती म्हणून, लाजून ओठातल्या ओठात म्हटली. मग तो थांबला. हात माझ्यावर टेकले. खोलीत अगदी शांतता होती. लेक मान तिरकी करून ऐकत होती, पण तिचे सुताराचे कान माझ्या सांध्याला लागले होते.

"बघा," ती आनंदाने म्हणाली, "आवाजच नाही!"

"हो गं," घड्याळजी म्हणाला. "नाहीच."

ती गेली. त्यानंतर तो रोज येई, पण पुस्तकातले म्हणून झाले की बाकावर जाऊन बसे. छोट्या प्रार्थना त्याने सोडून दिल्या. पाणी सोडणारा, बसवाला, रस्ते झाडणारी, सगळे वाऱ्यावर. एका सकाळी मात्र तो लेकीची प्रार्थना अर्धी म्हणाला आणि "दहा बोटं..." इथेच थांबला. अर्धवट प्रार्थना त्या खोलीत तशीच राहिली. मला रडता येत असते तर त्या दिवशी माझे पॉलिश गेले असते.

नव्या पॉलिशचा वास काही केल्या जाईना. त्याचे डोके दुखू लागले. म्हणून एके दिवशी त्याने जोर लावून रस्त्याकडची खिडकी उघडली. बाहेर रस्ते झाडणाऱ्या बाई होत्या. खराट्याचा आवाज ऐकला आणि जुन्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले, "जी आमचे रस्ते झाडते, तिच्या पाठीला बळ मिळो."

खराटा थांबला.

"काका, मला काही म्हणालात?"

"नाही," घड्याळजी गडबडला. "म्हणजे, हो. तुमच्यासाठी म्हणत होतो. प्रार्थना."

"माझ्यासाठी? कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"अहो, मग खिडकी लावून कशाला म्हणता? माझी पाठ बाहेर आहे!" बाई हसल्या. मग खराटा भिंतीला टेकवून म्हणाल्या, "यावर काय म्हणायचं असतं हो?"

"आमेन. म्हणजे, तसंच होवो."

"तसंच होवो बाबा," त्या म्हणाल्या. "आमेन. आणि तो कोपऱ्यावरचा खड्डाही बुजू दे."

"आमेन," घड्याळजी म्हणाला. किती दिवसांनी त्याला दुसऱ्या कुणाच्या मागण्याला आमेन म्हणायला मिळाले! खिडकीची चौकट त्याने घट्ट धरली होती. "अजून एक आहे," तो म्हणाला. "माझी लेक लाकूड कापायच्या यंत्रावर काम करते. तिच्या हाताची दहा बोटं दहाच राहोत."

"आमेन, आमेन," बाई घाईघाईने म्हणाल्या, कारण त्यांनाही लेक होती.

आता तो रोज पुस्तकातले माझ्यापुढे म्हणतो. ते झाले की पुस्तक मिटतो आणि खिडकीपाशी जातो. मला पाठमोरा दिसतो. बाहेरून आमेन येते. कधी कधी पाणी सोडणाराही थांबतो. मला आनंद होतो, अगदी मनापासून होतो. तरी खोटे कशाला बोलू, एकटेही वाटते. इतकी वर्षे ते काम माझे होते.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण दुरुस्तीला हात घालण्याआधी तिच्या माणसाला एकदा नीट विचारा, आणि तो हसून "राहू दे" म्हणाला तर पुन्हा विचारा. आणि बंद खिडकीआड कुणी एकटेच काही मागत असल्याचे ऐकू आले, तर पुढे निघून जाऊ नका. तीन अक्षरे म्हणा. मीही रोज म्हणते, खिडकीतल्या त्या पाठीकडे पाहून, सगळ्या ताकदीनिशी. पण माझे सांधे फार चांगले बसले आहेत. बाहेर काहीच ऐकू जात नाही.