टाका सोडणारं मशीन

मला घरी सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसले असताना माझी नजर दादाच्या बाहीवर गेली. शर्ट नवा कोरा होता आणि मनगटाच्या पट्टीवर दर आठ टाक्यांनंतर एक टाका सुटलेला.

असा टाका फक्त माझंच मशीन सोडतं. म्हणून मी कायम दुहेरी टीप मारते. पंचवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. गेल्या खेपेला दादा म्हणाला होता, तुझं शिवणाचं दुकान बंद आहे, मशीन झाकून ठेवलंय, तू निर्धास्त राहा. मग शर्ट शिवला कोणी? वहिनीने, दुसरं कोण. मी मनात म्हटलं, बरंच झालं, मशीन गंजायला नको. मी म्हणजे अगदी भोळा सांब.

दादानेच मला या इस्पितळात आणलं. तेव्हा मला झोप नव्हती, भिंती माझ्याशी भांडायच्या. डोकं थाऱ्यावर आल्यावर सिस्टरने एक फॉर्म पुढ्यात ठेवला. तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव लिहा म्हणाली, तुम्ही सांगाल ते त्याने समितीपुढे मांडायचं. माझे हे गेल्यापासून मला माहेरचा तेवढाच आधार. मी डोळे मिटून दादाचं नाव लिहिलं.

भिंती गप्प झाल्या, झोप लागायला लागली. पण गोळ्यांनी हात असे थरथरायचे की सुईत दोरा जाईना. शिंप्याचे हात गेले तर राहिलं काय? दोन दिवस मी गोळ्या गादीखाली लपवल्या. मग घाबरले आणि पुन्हा घ्यायला लागले. हे फक्त दादाला फोनवर सांगितलं. डॉक्टरांना डोस कमी करायला सांग म्हटलं, मी बोलले तर पुन्हा वेडी ठरवतील. दादा म्हणाला, "मी आहे ना."

आत तिघेजण होते. डॉक्टरांचं मत वाचून दाखवलं: घरी जायला हरकत नाही. मधल्या पिकल्या केसांच्या बाईंनी मला विचारलं, तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, आजच घरी जायचंय, पिशवी भरून ठेवलीय. मग त्यांनी दादाकडे पाहिलं.

दादा टेबलाकडे बघत बोलला. "इतक्यात पाठवू नका. ती गोळ्या लपवते. मला तिनेच सांगितलंय."

मला वाटलं, आता तो हातांचं सांगेल, डोसाचं सांगेल. मी वाट पाहत राहिले. त्याने नुसती रुमालाने मान पुसली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आणि दुकान बंद नाही, तेही कळलं. मी घरी गेले असते तर वहिनीला माझ्या खुर्चीवरून उठावं लागलं असतं.

रडू आलं, पण इथे रडलं की त्याचीही नोंद होते. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हटलं, बघा. मग गोळ्या का लपवल्या, किती दिवस, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. डोस कमी करून बघा म्हणाल्या, पण आणखी तीन आठवडे इथेच. मग हळूच विचारलं, "फॉर्मवरचं नाव बदलायचंय का? तुमचा हक्क आहे तो."

मी पेन घेतलं. दादाच्या नावावर आडवी रेघ ओढली. हात थरथरत होता, तरी रेघ सरळ आली. आयुष्यभर खडूने रेघाच ओढल्यात. नवं नाव काही सुचेना. ती ओळ कोरीच ठेवून मी खाली सही केली.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच केलं. सिस्टर माझी भरलेली पिशवी उचलून परत वॉर्डकडे निघाली होती. तिच्या मागे जाता जाता मी थांबले.

"वहिनीला सांग, बाहीला दुहेरी टीप मारायची. नाहीतर उसवते."

दादाने त्या बाहीचा हात खिशात घातला.