आन्सेल्मचा हात

आन्सेल्म वारला आणि चौथ्या महिन्यात फ्रान्सच्या लोरेन प्रांतातल्या त्याच्या गावानं नगरभवनात त्याच्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. घोड्यावाचून चालणाऱ्या पहिल्यावहिल्या वाफेच्या गाड्यांचे अकरा छोटे नमुने, हातानं घडवलेले. त्याची बायको ओदील पाट्या वाचून थबकली. सगळीकडे एकच नाव होतं, आन्सेल्मचं.

पहिल्या पाच गाड्या आन्सेल्मच्याच. पुढे त्याचे हात थरथरू लागले, बारीक स्क्रूसुद्धा धरवेना. मग धातू कातायच्या लेथवर ओदील उभी राहिली. तो खुर्चीतून सांगायचा, चुकलं की खेकसायचा. शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळी तर त्याची वाचाच गेली होती.

"यातल्या सहा मी केल्यात," ती प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष क्लोसे यांना म्हणाली.

"मादाम, तुमची मदत कोण नाकारतंय? गाद्या काय सुबक शिवल्यात!"

"गाद्या नाही, बॉयलर म्हणतेय मी."

"बरं, बरं. दुःख ताजं आहे तुमचं. बसा, टार्ट खा."

लोकांसमोर चालवून दाखवायला त्यांनी नेमकी शेवटची गाडी काढली, तोफा ओढणारी, तीनचाकी. बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा लावला.

"पाणी कमी आहे," ओदील म्हणाली.

"चाळीस वर्षं हेच करतोय, मादाम."

गाडी टेबलावर हातभर धावली. टाळ्या पडल्या. मग ती अडली. क्लोसेंनी ज्योत वाढवली. कोरड्या बॉयलरचे सांधे जोडणारा डाख वितळला, तांब्याचा पत्रा काळा पडून उकलला आणि एक चाक निखळून खाली घरंगळलं.

"शेवटी हात गेलाच होता बिचाऱ्याचा," मागून कुणीतरी म्हणालं.

ओदीलच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याला बोल लावू नका! ही गाडी माझ्या हातची आहे."

"हां, तरीच!" क्लोसे लगेच म्हणाले. "आन्सेल्मनं दिलेला डाख असा सुटायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही शंका काढली नाही.

ओदीलनं ती गाडी तशीच उचलली. बोटं पोळली, तरी खाली न ठेवता ती बाहेर पडली.

आठवड्यानं तिनं लेथ विकायला काढला. न्यायला आलेल्यानं त्यावरून हात फिरवला. "छान राखलाय. नवऱ्याचा का?"

"हो," ओदील म्हणाली आणि दुसऱ्या बाजूनं उचलायला वाकली.