गुळगुळीत टायर आणि वडूजचं अंगण

आमच्या दादाचं, म्हणजे शिवतेजचं, लग्न टायरवर अडलं. पत्रिका जुळली, दोन्हीकडच्या आयांचं जुळलं, आणि हा शहाणा टायरवरून घोळ घालेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

विश्रामबागेतल्या कॉलेजपासून त्याचा जीव दीपमालावर. ती वडूजची, वडील नानासो फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लय विनवण्या केल्यावर त्यांनी आम्हाला रविवारी संध्याकाळी बोलावलं. त्याच सकाळी विट्याजवळच्या माळावरच्या सरळ डांबरी रस्त्यावर मोटारींची शर्यत होती. दादा ती सोडतोय होय? कुपवाडच्या शेडमध्ये राबून उभी केलेली गाडी एकच. तीच पळणार, तीच आम्हाला वडूजला नेणार.

प्रश्न मागच्या टायरांचा होता. स्लिक म्हणजे टकलासारखं गुळगुळीत. कोरड्या रस्त्याला घट्ट चिकटतं, ओलं दिसलं की हात टेकतं. ड्रॅग रेडियलचं रबरही मऊच, पण त्याला थोड्या खाचा असतात, म्हणून रोजच्या रस्त्यावर निभावतं. सुटताना मात्र जरा मागं पडतं.

"रेडियल घे," दीपमाला फोनवर म्हणाली. "घरापर्यंत यायचंय तुला."

"अगं, वडूजला कुठला पाऊस? तिकडं ढगबी वाट चुकला तरच येतोय."

तिनं फोन ठेवला. मी त्याला गाढव म्हणाले. त्यानं स्लिक बसवले.

शर्यत तो जिंकला. कप आईच्या मांडीवर ठेवून, मला मागं बसवून स्वारी शीळ घालत वडूजला निघाली.

नानासोंचं घर चढावर. पाहुणे येणार म्हणून त्यांनी फाटकापासून पायरीपर्यंत फौजी शिस्तीत शेणाचा सडा घातला होता, वर दीपमालाची रांगोळी. दादानं ऐटीत गाडी चढावर घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरली, शेण उडालं, गाडी रांगोळीवरून आडवी गेली आणि कडब्याच्या गंजीत शिरली. आईनं कप छातीशी धरून सगळ्या देवांना हाका मारल्या.

नानासोंच्या पांढऱ्या शर्टावर शेणाचे ठिपके उठले होते. ते वाकले, टायरवरून हात फिरवला.

"पाव्हणं, टायर पार झिजल्यात."

"न्हाई मामा, नवीन हायती. असलीच असत्यात."

"रस्त्यावरच्या गाडीला?"

दादाची मान खाली गेली. "मला वाटलं, हिकडं पाणीच नसतंय."

"टँकरचं हाय," नानासो शांतपणे म्हणाले. "काल आमी आंघोळ तांब्यावर भागवली. पाव्हणं येणार म्हटल्यावर सडा नको व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या पँटची पर्वा न करता दादानं कोपऱ्यातला खराटा उचलला आणि अंगण झाडायला लागला. भिंतीवर उडालेलं शेणही हातानं पुसलं. नानासो बघत राहिले. चहा आला, निवला, तरी हा वाकलेलाच.

शेवटी दीपमाला पायरीवर आली. "बास आता. गाडी हितंच ऱ्हाऊ दे, तू एसटीनं जा. खाचांची टायरं घेऊन ये, मग आपण दोघं गाडी काढू."

नानासो खाकरले. पण "आपण दोघं" ऐकूनही नको म्हणाले नाहीत.

वडूजच्या स्टँडवर आई आणि मी एसटीत चढलो. दादा मात्र खालीच, अंगाला शेणाचा वास, बसच्या मागच्या टायरच्या खाचेत बोट घालून बसलेला.

"काय बघताय?" कंडक्टर ओरडला.

"खोल हायती," दादा म्हणाला, आणि येड्यासारखा हसला.