अडतीस सेकंदांची गाडी

जुईनगरातल्या कुठल्याही हळदीला जा. पंगती उठल्या, बेंजोवाले पाणी प्यायला थांबले, की कुणीतरी हमखास म्हणणार, “पंढरीशेट, ती शिडाची गाडी होऊन जाऊ दे.” मग पंढरीशेट आधी दोनदा नको-नको म्हणणार आणि तिसऱ्यांदा कुणी आग्रह करायच्या आत खुर्ची पुढे ओढणार.

गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. आता टॉवर उभे आहेत तिथे तेव्हा खाडीला लागून मिठागर होतं. बांधावर छोटे रूळ टाकलेले आणि त्यांवर मिठाची ढकलगाडी. एका टोकापासून धक्क्यापर्यंत सरळ पाचशे मीटर अंतर. भरलेली गाडी ढकलताना दोन माणसांचा जीव अर्धा व्हायचा. एका उन्हाळ्यात पंढरीने रिकाम्या गाडीवर बांबू उभा केला आणि त्याला सासऱ्याच्या होडीचं जुनं शीड बांधलं. गोटीराम मुकादम धक्क्यावर घड्याळ धरून उभा राहिला. वारा पाठीशी घेऊन पंढरी जो सुटला तो अडतीस सेकंदांत धक्क्याला! “मुकादमाची टोपी उडाली ती अजून खाडीत हाय,” असं तो म्हणाला की लोक हसायचे. त्याची बायको पुतळाबाईही बायकांच्या घोळक्यात बसून सगळ्यांबरोबर हसायची.

ही गोष्ट ऐकतच नात जागृती मोठी झाली. खारघरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली आणि तिथे मित्रमैत्रिणी जमवून तिने खरीखुरी शिडाची गाडी बनवली. तीन चाकं, बसायला जेमतेम जागा, वर उंच ताठ शीड. कॉलेजांच्या स्पर्धेतला विक्रम ताशी बहात्तर किलोमीटरचा होता आणि तो तिला मोडायचा होता. न्हावा शेव्याकडच्या एका नव्या, अजून न वापरलेल्या कंटेनर यार्डात मे महिन्यातल्या रविवारी दुपारची परवानगी मिळाली. आजी-आजोबांना तिने गाडीत घालून सोबत नेलं.

यार्डात पोचल्यावर पंढरीशेटने पाहिलं, तर शिडाच्या गाडीच्या कुशीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘पंढरी’.

“सरप्राइज!” जागृती म्हणाली. “स्पर्धेची माणसं चारला येतील. त्यांच्यासमोर तुम्ही तुमची गोष्ट सांगायची, आम्ही व्हिडिओ काढणार, आणि मग मी सुटणार.”

पंढरीशेटची छाती फुगली. आता एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण जागृतीचा मित्र ऋषी, हुशार पोरगा, मोबाइलवर काहीतरी गणित करत बसला होता.

“आजोबा, अडतीस सेकंदांत पाचशे मीटर म्हणजे ताशी सत्तेचाळीस. तेव्हा वारा असून असून किती असेल? पंचवीस, फार तर तीस. आणि तो मागून होता ना?”

“मागनंच व्हता.”

“मग नाही ना जमत. मागून वारा असेल तर अशी गाडी वाऱ्याच्या पुढे जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या वेगाला पोचली की ढकलायला कोण उरणार? वारा बाजूने घेतला तर दुप्पट पळेल. पण मागून, इम्पॉसिबल.”

“ऋषी, सोड ना,” जागृती हलक्या आवाजात म्हणाली. “मुकादमाचं घड्याळ चुकलं असेल. गोष्ट भारी आहे, बास.”

थट्टा झाली असती तर पंढरीशेटने सहज परतवली असती. नातीने घातलेलं हे पांघरूण मात्र त्याला सोसेना. घड्याळ चुकलं नव्हतं. अडतीस सेकंद खरे होते, त्या सगळ्या गोष्टीत तेवढेच तर खरे होते!

त्याने पुतळाबाईकडे पाहिलं. डोक्यावर पदर धरून ती सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वाऱ्याने शीड फडफडत होतं आणि ती शिडाकडे एकटक बघत होती. त्या गोष्टीबद्दल ती पन्नास वर्षांत कधी बोलली नव्हती.

चार वाजायला दहा मिनिटं होती. गप्प राहिलं तर गाडीवर नाव राहत होतं, पण तो आकडा नातीच्या लेखी थाप ठरत होता. आकडा वाचवायचा तर नाव जाणार होतं. या वयात, पोरांसमोर, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

“मी गारीत नव्हतोच,” तो एकदम म्हणाला.

जागृतीला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. “काय?”

“बसलो व्हतो. शीड फुगला, बांबू करकरला, एका बाजूची चाकां वर उठली आनि मी उरी मारली. भ्यालो गो. मंग ही, तुजी आजी, गारीवर चरली. लगीन होऊन चार महिनं झालं व्हतं. न्हावा गावची पोर, बापाच्या होरीवर ल्हानाची मोठी झालेली. लुगरा खोचला, शीड धरला आनि म्हनली, ढकला. मी ढकलला. धा पावलां धावलो, मंग मना नुसती शिडाची पाठ दिसली.”

“मग तुमचं नाव?”

“मुकादम बोलला, तुझा बाप आयकेल तं सुनेला घरात घेनार नाय, तुझाच नाव सांगू. तवा हिच्यासाठी खोटा बोललो.” त्याने घसा खाकरला. “बाप तं कवाच गेला. नंतर बोललो तो माझ्यासाठी. लोकांचा कवतिक गोर लागला.”

शरमेने त्याचे कान तापले होते आणि तरीही छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटत होतं. तो बायकोच्या खुर्चीपाशी गेला आणि तिच्यासमोर अवघडून उकिडवा बसला.

“कसा वाटला गो तुला तवा?”

पुतळाबाईने आधी पदर सारखा केला.

“वारा मागनं नव्हता,” ती म्हणाली. “खारीवरनं येत व्हता, बाजूनं. पन गारी जशी पलाया लागली तसा तो फिरला. समोरनं तोंडावर याया लागला. मना वाटला, आता थांबल. तं ती जास्तच पलाली. एक अंग उचलला, तशी मी दुसऱ्या अंगाला पुरी बाहेर लटकली. एक पाय फलीखाली अरकवला नि शीड वढून धरला.”

जागृतीने ऋषीचा दंड पकडला. “समोरून! ऐकलंस? बाजूचा वारा वेगात समोरून लागतो. मला तीन टेस्ट रन झाल्यावर कळलं हे. गाडीत बसल्याशिवाय कुणाला सुचणार पण नाही. म्हणजे अडतीस सेकंद खरेच!”

पंढरीशेटचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. हजारदा सांगितलेली गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता. पुतळाबाईचा चेहरा बघताना त्याला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

“मंग?” त्याने विचारलं.

“पन्नास वरसां कुनी इचारलाच नाय,” पुतळाबाई म्हणाली. डोळे पुसून ती खुर्चीत ताठ बसली आणि दोन्ही हातांनी नसलेलं शीड ओढत पुढचं सांगायला लागली.